कमिटराव, त्यांचे तीन पुत्र आणि अर्धा राहिलेला बंधारा यांची हकीकत

श्रीवाग्देवीच्या पायांवर मस्तक ठेवून, श्रोत्यांची मर्जी सांभाळून, जे घडले ते लिहिले असे; जे न घडताच घडले म्हणोन दरबारी सांगितले गेले, तेही सोडिले नाही. राज्यशक एकोणसाठ, सर्वधारीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया. टोपीकर इंग्रजांच्या बोलीचे एक थोर राज्य होते. तेथे क्रियापदे म्हणजे सरदार, कर्तबगारी सारी त्यांची. आणि नामे म्हणजे त्या सरदारांची लेकरे. नदीच्या काठाने अँड, बट, विथ ऐसे बारीक शब्द झोपड्या बांधून राहात. त्यांच्यावाचून राज्यात एक वाक्य उभे राहात नसे, तरी दरबारी त्यांस बसावयास चटई मिळत नसे. या राज्यात राजश्री कमिटराव नामे वृद्ध सरदार होते. काम अंगावर घ्यावे आणि तडीस न्यावे, इतकेच त्यांस ठाऊक. त्यांनी काठच्या लोकांस शब्द दिला की नदी चढण्याआधी बंधारा पुरा करून देतो, आणि स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभे राहून निम्मा केलाही, आणि मग रिवाज आडवा आला.

रिवाज ऐसा की सरदाराचे पुत्र वयात आले म्हणजे महाराजांनी त्यांच्या पगडीस शेमला, म्हणजे शब्दाच्या शेवटी लोंबणारा प्रत्यय, बांधावा, आणि ज्याच्या त्याच्या शेमल्याप्रमाणे त्याचे नाव व काम निराळे व्हावे, आणि मग बापाने हात खाली ठेवावे. बापाने पुन्हा कामास हात लाविला तर पुत्रांचे शेमले गळून पडावे आणि बाप गुन्हेगार ठरावा. कमिटरावांचे थोरले पुत्र शेमला बांधून कमिटमेंटराव जाहले, मधले कमिशनपंत, धाकटे कमिटीसाहेब. बाप एक, नाक एक, पण स्वभावाची तोंडे तीन दिशांस. थोरले आरशापुढे उभे राहून शेमला खांद्यावर घेत आणि पुन्हा पाठीवर टाकीत, आणि ते पाहूनच म्हाताऱ्याचे पोट भरे. जन्मभर बोडक्या डोक्याने राबलेल्या माणसास मुलांच्या पगडीचे केवढे सुख, हे ज्याचे त्यासच कळावे.

मग बंधाऱ्याचे काम पुत्रांकडे आले. कमिटमेंटराव नित्य सकाळी काठावर जाऊन छातीस हात लावून सांगत की बंधारा आपला प्राण आहे, आणि लोक गहिवरत, आणि ते परत फिरत. कमिशनपंतांनी दगड आणविले खरे, परंतु वाटेत निम्मे दगड त्यांच्या वाड्याच्या जोत्यास लागले. विचारिले तर म्हणत, ही रीतच आहे. कमिटीसाहेब दहाजणांस घेऊन मांडवात बसले आणि बंधारा कोणी बांधावा हे ठरविण्यास आधी कोणी बसावे, याची मसलत करू लागले. चहापान मात्र वेळच्या वेळी होई. कमिटराव घरी ओसरीवर बसून हातांकडे पाहात आणि हात मांडीखाली दाबून ठेवीत.

इतक्यात डोंगरांतील बर्फ वितळून नदी चढू लागली. तेव्हा काठच्या वस्तीची म्होरकी विथाबाई कडेवर नातवंड घेऊन सरदारांच्या दारी आली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "आबासाहेब, पानी उंबऱ्याला लागलं. तुमच्या थोरल्यांनी आजबी लई चांगलं बोललं. आमी आता कुटं जावं तेवढं सांगा, म्हंजे भांडीकुंडी उचलते."

म्हाताऱ्याने मांडीखालचे हात बाहेर काढिले. एकीकडे शब्द, एकीकडे पोरांच्या पगड्या. मग थोरल्या पुत्रास बोलावून म्हणाले, "बाबा, तुझा शेमला मला फार आवडतो. पण मी उठतो आता." कमिटमेंटरावांनी पाय धरिले आणि म्हटले, उद्या नक्की. कमिटरावांनी पाय सोडवून घेतले, कुदळ उचलली आणि नदीकडे निघाले.

पहिला दगड त्यांनी उचलला आणि तिघांचे शेमले तेथेच गळून चिखलात पडले. मग चमत्कार ऐसा जाहला की शेमल्यावाचून तिघेही पुत्र हुबेहूब बापासारखे दिसू लागले, आणि काय करावे हे न सुचून तिघांनीही दगड उचलावयास घेतले. कमिटीसाहेबांनी कोणास न विचारिता पाटी डोक्यावर घेतली, आणि कमिशनपंतांनी जोत्याचे दगड उपटून आणिले, आणि थोरले तोंडातून अक्षर न काढिता गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. विथाबाईची सारी वस्ती हाताला हात लावून उभी राहिली आणि बंधारा पुरा जाहला आणि नदी त्यास टेकून थांबली. तो दिवस कमिटरावांच्या आयुष्यात सर्वांत सुखाचा गेला.

दुसरे दिवशी दरबार भरला. महाराजांनी बंधाऱ्याची तारीफ केली, पुत्रांस नवे शेमले बांधिले आणि रिवाज मोडिल्याबद्दल म्हाताऱ्यास कैदेत सोपविण्याचा हुकूम फर्माविला. त्या राज्यात ऐशा सोपविण्यास कमिटल म्हणतात. तोही त्याच वंशातला म्हणोन दरबाऱ्यांनी त्यास कमिटरावांचा चौथा पुत्र ठरविला. चौघांत दिलेले काम त्याच दिवशी पुरे करणारा तेवढाच निघाला.

कमिटराव अद्याप गढीत आहेत. कमिटमेंटराव नित्य येऊन सुटकेचे वचन देतात. कमिशनपंत घरून डबा पाठवितात, तो निम्मा पोहोचतो. कमिटीसाहेबांची सुटकेविषयी बैठक चालू आहे. विथाबाई मात्र रोज गजाशी येऊन बसते, आणि म्हातारा तिला एकच विचारतो, "धरून आहे का गं?" ती म्हणते, "हाय, आबासाहेब. टिपूस येत न्हाई." मग तो भिंतीस टेकून स्वस्थ निजतो.

एवंच, शब्द दिला होता तो पुरा जाहला. पुरा करणारा आत आहे, आणि त्याचे नाव लावणारे बाहेर आहेत. लेखनसीमा.