मशीनमधला गंज

ही गोष्ट लिहिता लिहिता राहिलीच होती. शिवम आणि उजैर दोघंही ओळखीचे, आणि आपल्यावर कोणी हसलेलं दोघांनाही चालत नाही. पण हे सगळं घडलं एका शब्दामुळं, आणि तो शब्द वऱ्हाडात घराघरात चुलीजवळ पालथा पडलेला असतो. आज शिवमचं झालं, उद्या दुसऱ्याचं होईल. म्हणून लिहून टाकलेलं बरं.

शिवमच्या आईचे, म्हणजे आशाबाईंचे, हात फुटले होते. तळव्यांना भेगा आणि बोटांच्या बेचक्यांत रक्त. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हाताला साबण आणि पाणी बंद.

"त्याच्या घरी भांडे कोन घासते, विचारलं का तू त्याले?" दवाखान्याच्या पायरीवरच आशाबाईंनी शिवमला विचारलं.

त्यांचं गाव अकोल्याहून दर्यापूरकडं जाताना लागतं. ते साल बोंडअळीचं. कपाशीच गेली, तिथं वेचणी कुठली? कामासाठी गावातल्या बाया निघून गेल्या होत्या, काही अमरावतीला, काही त्याच्याही पुढं. भांडी घासायला मिळेल अशी एक पार्बताबाई उरली होती, पण तिला खाली बसवलं की उठवायला दोन माणसं लागत. शिवमचे वडील रामराव म्हणाले, "मी घासतो."

"घासा. तुमचं झालं का मी पुन्हा घासीन," आशाबाई म्हणाल्या.

शिवम नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला होता. दिवसभर मशिनींच्या गराड्यात राहणारा माणूस, त्याला प्रत्येक दुखण्यावर मशीनच दिसायची. त्यात त्याचा कॉलेजातला दोस्त उजैर. अकोल्यात उजैरच्या वडलांचं, अब्दुल गफ्फार यांचं, कूलर आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. उजैरनं वडलांच्या मागं लागून एका नव्या कंपनीच्या भांडी धुवायच्या मशीनची एजन्सी घेतली होती. आतल्या बाजूला वेगवेगळ्या मापाच्या दोन मशिनी होत्या, आणि नमुन्याची एक दुकानाच्या तोंडाशी उभी होती. लोक यायचे, दार उघडून आत डोकवायचे, "याच्यात कपडे धुतले तं चालन का?" असं विचारून कूलरची मोटार दुरुस्तीला देऊन जायचे. त्या वर्षी दुकानात विकायला कमी आणि दुरुस्तीलाच जास्त येत होतं.

गफ्फारचाचांनी पोराला स्वच्छ सांगितलं होतं. दिवाळीपर्यंत एक तरी मशीन विकली पाहिजे. कंपनीनं एजन्सी काढून घेतली तर उजैरनं मुकाट्यानं नागपूरला मामूच्या टायरच्या दुकानात जायचं.

म्हणजे आशाबाईंचे हात आणि उजैरचं अकोल्यात राहणं, दोन्ही त्या एका मशीनवर येऊन बसलं.

मशीन पसंत करायला आशाबाई रामराव आणि शिवमसोबत एस.टी.नं निघाल्या ते मांडीवर पोतं घेऊन. पोत्यात तवा, कढई, परात आणि गंज. पुण्याकडं ज्याला पातेलं म्हणतात त्याला आमच्याकडं गंज म्हणतात. हा आशाबाईंच्या आंदणातला, जाड पितळी. वरण त्यातच शिजायचं.

"काकू, हे काहून आनलं सारं?" उजैरनं विचारलं.

"चप्पल घेताना पाय घरी ठेवून येतेत का रे?"

उजैरनं गळ्यातला मापाचा टेप सरळ केला आणि कंपनीनं शिकवलेलं सुरू केलं. "काकू, याच्यात तीन प्रकार हायत. आठ प्लेस, बारा प्लेस आन् चौदा प्लेस."

"आमाले एकाच जागी ठेवायची हाय," रामराव म्हणाले. "बारा जागी कोन हलवत बसन?"

"तसं नाई काका. प्लेस म्हंजे एका मानसाचे भांडे. ताट, वाटी, चमचा, काटा, सुरी..."

"सुरी? जेवताना?" आशाबाईंनी उजैरकडं काळजीनं पाहिलं. "ते सोड. माहा गंज मावते का सांग."

आठवाल्या मशीनमध्ये गंज अर्धा बाहेर राहिला. बारावालीत तो आडवा गेला, पण दार लागेना. चौदावालीत पालथा घातला, थोडा दाबला, आणि दार लागलं. आशाबाईंनी दार तीनदा उघडून लावून पाहिलं. गफ्फारचाचा गल्ल्यावरून उठून आले. "भाभीजी, आप पहली कस्टमर हो जिसने सही सवाल पूछा," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः चहा मागवला.

मशीन घरी आली, उजैरनं बसवून दिली. त्यानं एका खणात मूठमूठ मीठ ओतलं तेव्हा रामराव खाटेवरून उठले.

"हे काय करून राह्यला?"

"मीठ पायजे काका. पानी जड असलं का मशीनले मीठ लागते."

"अरे आमचं बोरिंगचं पानी ढोरं तोंडात धरत नाईत इतकं खारं हाय! त्याच्यात आनखीन मीठ?"

उजैरनं समजावलं, रामरावांनी ऐकून घेतलं, आणि तो गेल्यावर गावात सांगितलं की ही मशीन कोल्हापूरकडच्या गोड्या पाण्याची आहे, तिला आपल्याकडं करमत नाही म्हणून मीठ चाटवावं लागतं.

दुसरा घोटाळा आशाबाईंचा. शिवम सुट्टीवर होता म्हणून त्यानं पाहिलं. आई आधी सगळी भांडी राख लावून लख्ख घासायची, पुसायची आणि मग मशीनमध्ये रचायची.

"आई, मंग मशीन कायले आनली?"

"इतक्या महागाची वस्तू. तिच्यात खरकटं टाकू? बरं दिसते का?"

शिवमनं भांडी हातातून ओढून घेतली आणि खरकटा गंज तसाच मशीनमध्ये कोंबला. रागात कोंबला, त्यामुळं वाकडा बसला. मशीन सुरू झाली, आत काहीतरी ठण्‌ठण्‌ वाजलं आणि लाल दिवा लागून सगळं थांबलं. गंजाचा काठ जाळीत असा अडकला की ना गंज निघे, ना जाळी. शिवमनं उजैरला फोन लावला. उजैर लग्नाला बुऱ्हाणपूरला गेला होता आणि फोन लागत नव्हता. मग त्यानं मशीनवर चिकटवलेला कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसचा नंबर फिरवला.

पुण्याच्या बाईंशी बोलायचं म्हणून शिवमनं ठेवणीतली मराठी काढली. पण मराठी ठेवणीतली असली तरी शब्द घरचेच होते.

"मॅडम, मशीन बंद पडली. आतमध्ये गंज आहे."

"गंज?" बाई दचकल्या. "मशीनच्या आत?"

"हो. खालच्या जाळीत मोठा आहे. वरच्या जाळीतही एक आहे, पण तो लहान आहे. त्याचा त्रास नाही."

"सर, गंज लहान असला तरी त्रास होतोच. कधीपासून आहे?"

"आईच्या लग्नापासून."

बाईंनी नोंद काढून पाहिली. "पण मशीन तर या आठवड्यात बसवली आहे."

"मशीन नवीन आहे. गंज जुना आहे."

"दुकानदाराला हे माहीत होतं?"

"होतं ना! दुकानातच पाहिला त्यानं. चालेल म्हणाला. उलट त्याचे वडील खूश झाले, चहा पाजला."

"म्हणजे जुना गंज दिसत असताना त्यांनी तुम्हाला मशीन दिली, आणि चालेल म्हणाले?"

"हो. थोडं दाबून दार लावलं."

"सर," बाईंचा आवाज एकदम मायेचा झाला, "तुम्ही काही काळजी करू नका. आम्ही बघतो."

शिवमनं फोन ठेवला. "आई, पुन्याचे लोकं चांगले हायत व. अर्ध्या बोलण्यात समजते त्याईले."

दोन दिवसांनी उजैरचा फोन आला. रामरावांनी तोवर पकडीनं गंज सोडवला होता, मशीन चालू झाली होती आणि शिवम सगळं विसरला होता.

"शिवम्या, तू पुन्याले काय सांगतलं बे?"

"काई नाई. मशीन अटकली इतकंच."

"आमी तुले जुनी सडेल मशीन विकली, दाबून दाबून विकली, वरून चहा पाजून तोंड बंद केलं, असं सांगतलं तू. कंपनीनं माल थांबवला. एजन्सी बंद करायच्या आंधी मानूस येऊन राह्यला चौकशीले."

उजैर ओरडला असता तर शिवमला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. शिवम पहिल्या एस.टी.नं अकोल्याला पोचला तेव्हा उजैर नमुन्याची मशीन दुकानाच्या तोंडापासून आत ढकलत होता. शिवमनं हात लावायला घेतला तर म्हणाला, "राहू दे." गफ्फारचाचांनी नेहमीसारखा चहा दिला. कपबशी खाली ठेवताना इतकंच म्हणाले, "टायर का धंदा भी बुरा नहीं है."

शिवमनं कप तसाच ठेवला. कुठं चुकलं ते त्याला अजून समजलंच नव्हतं. "मी आत्ता फोन करतो. आत्ता सांगतो का तक्रार नाई."

या वेळी फोनवर दुसऱ्या बाई होत्या.

"मॅडम, माझी काही तक्रार नाही. गंज आम्ही काढला."

"तुम्ही स्वतः काढला? कशानं?"

"वडलांनी पकडीनं काढला."

"अरे देवा. सर, एक विचारते. तक्रार मागं घ्या म्हणून दुकानदारानं तुमच्यावर दबाव आणलाय का?"

"नाही नाही, काहीच दबाव नाही. तो इथंच माझ्या बाजूला उभा आहे."

उजैरनं डोक्याला हात लावला.

चौकशीचा माणूस आला तो साताऱ्याकडचा, सावंत नावाचा. गंभीर चेहरा, हातात बॅटरी. उजैर त्याला गाडीतून गावात घेऊन आला. सावंत साहेबांनी मशीनच्या आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. जाळ्या पाहिल्या, बिजागऱ्या पाहिल्या, बोट फिरवून वास घेतला. मशीन आतून आरशासारखी होती. उजैर दारातच उभा होता.

"गंज कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"चुलीवर हाय," आशाबाई म्हणाल्या.

"चुलीवर?"

"वरन शिजून राह्यलं. तुमाले काय, आत्ताच पायजे?"

"काकू, मी त्याच्यासाठीच इतक्या लांबून आलोय."

"मंग बसा ना. गंज कुठी पळून जाते? जेवून घ्या आंधी."

साहेब पाटावर बसले. आशाबाईंनी दोन फडकी घेऊन वाफाळता गंज त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. "हा घ्या. तुमचाच मान हाय, वाढू का?"

सावंत साहेबांनी गंजाकडं पाहिलं. मग मशीनकडं. मग पुन्हा गंजाकडं. "हे तर पातेलं आहे."

"पातेलं म्हना," रामराव म्हणाले. "आमचं काई म्हननं नाई."

उजैर हळूहळू भिंतीला टेकून खाली बसला. शिवमचे कान तापले. आपण पुण्याच्या बाईंना काय काय सांगितलं, ते एकेक वाक्य त्याला आता नव्याच अर्थानं ऐकू यायला लागलं. लग्नापासून. दाबून दार लावलं. पकडीनं काढला.

साहेबांनी पुण्याला फोन लावला. ते फार जपून बोलत होते. "मशीनला गंज नाही. मशीनमध्ये गंज होता, पण त्या गंजाला गंज नाही. नाही, मी उन्हातून आलोय, पण बरा आहे. अहो, मी गंजाच्या समोरच बसलोय... आता जेवणार आहे."

एजन्सी राहिली. साहेब भरपेट जेवले. जेवून उठतात तो आशाबाईंनी त्यांचं ताट राखेकडं नेलं. साहेबांनी त्यांचे हात पाहिले.

"काकू, तसंच ठेवा मशीनमध्ये. खरकटं असलं तरच ती नीट धुते. ताट आधीच स्वच्छ असलं की तिला काही मिळत नाही, उगाच पाणी फिरवत बसते."

"म्हंजे तिले उपाशी ठेवत होतो आमी इतके दिवस?" आशाबाईंच्या जिवाला लागलं. "काहून नाई सांगतलं रे उजैर? घरात आनली आन् उपाशी!"

शिवमला भांडी ओढून घेऊनही जे जमलं नव्हतं ते असं झालं. त्या दिवसापासून आशाबाई जेवणं झाली की तिला खरकटं वाढू लागल्या, आणि तळव्यांच्या भेगा भरत आल्या.

बातमी एस.टी.च्या वेगानं पसरली. अकोल्यात गंजवाली मशीन मिळते म्हणे. बाया पिशव्यांमध्ये गंज घेऊन गफ्फारचाचांच्या दुकानात यायला लागल्या. सगळ्याच घेऊन गेल्या असं नाही, ते साल तसं नव्हतं. पण दोघींनी घेतल्या. नमुन्याची मशीन पुन्हा दुकानाच्या तोंडाशी आली, आणि उजैरनं हुशारीनं पेंटर बोलावून मोठा बोर्ड रंगवून घेतला. "आमच्या प्रत्येक मशीनमध्ये गंज! खात्री करूनच घ्या." बोर्डाशेजारी उभं राहून त्यानं फोटो काढला आणि कौतुकानं कंपनीलाही पाठवला.

शिवम दुकानात बसला होता तेव्हाच पुण्याचा फोन आला. उजैरनं नंबर पाहिला, मग वर बोर्ड पाहिला, आणि त्याचा रंगच उडाला. फोन वाजत राहिला. गल्ल्यावरून गफ्फारचाचा म्हणाले, "उठा ना. किसका है?"

उजैरनं फोन शिवमपुढं धरला. "तू बोल."

"नाई गड्या, तूच बोल," शिवम म्हणाला, आणि उठून त्याच्या बाजूला उभा राहिला. "कितीबी वेळ लागू दे, मी इथून हालत नाई. पर तोंडातून एक शब्द काढनार नाई, हा माहा वादा हाय तुले."