नाताळ मनःस्वास्थ्य समितीचं यशस्वी वर्ष

माणसाचं मन वर्षभर कसंही असलं तरी चालतं. नाताळच्या सुट्टीत मात्र ते ठणठणीत असावंच लागतं, कारण तेव्हा कार्यालय बंद असतं. हे ओळखून यॉर्कशरमधल्या हेदरबी नगरपालिकेने नाताळ मनःस्वास्थ्य समिती नेमली. (सदस्य नऊ. पैकी चार ताणामुळे रजेवर.)

समितीने सर्व कर्मचाऱ्यांना अर्ज वाटले. ‘सुट्टीत आपण कसे असाल?’ याखाली तीन उत्तरं छापलेली होती: ‘मजेत’, ‘अगदी मजेत’ आणि ‘तक्रार कशाला करायची’. अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी तिसऱ्यावर खूण केली. (बाकीचे बहुधा परगावचे.)

जन्म-मृत्यू नोंदणीतल्या लिन ऑर्मरॉडबाईंनी मात्र समासात लिहिलं, ‘यंदा मी एकटी आहे. पंचवीस तारखेला कुणी जेवायला आलं तर बरं वाटेल.’ मार्चमध्ये त्यांचा नवरा गेला, तेव्हा नोंद शेजारच्या टेबलावर झाली होती. (आपल्या माणसाची नोंद आपण करायची नसते.)

समितीचे अध्यक्ष ग्रॅहमसाहेब धावत आले.

“अगं लिन, समासात काय लिहून बसलीस!”

“मग कुठे लिहू?”

“हे बघ, ही लव्हेंडरची पिशवी घे, मेणबत्ती घे. आणि ही पुस्तिका. ‘मन मोकळं करा’.”

“मग आत्ता काय केलं मी, ग्रॅहम?”

“तेच जरा नियमात बसवून कर ना, बाई!”

“बरं, तूच ये की. बटाटे भाजणार आहे.”

ग्रॅहमसाहेब गहिवरले. पण सदस्यांनी सुट्टीत भावनिक अंतर राखावं, असं कलम सहा सांगतं. (कलम सहा त्यांनीच लिहिलं होतं.)

अखेर बाईंचा मजकूर, पत्त्यासकट, दोनशे चौदाही कर्मचाऱ्यांना पाठवण्यात आला. दोनशे सहा जणांनी फोनवरून लाल बदामाचं चिन्ह पाठवलं. सात जणांनी ‘किती धाडसी!’ असं कळवलं. (उरलेल्या एक म्हणजे खुद्द लिनबाई.) शंभर टक्के प्रतिसाद! वार्षिक अहवालात तो आकडा ठळक छापला आहे.

पंचवीस तारखेला बाईंनी दोन ताटं मांडली. एक वाजता खिडकीशी बसल्या. दोनला बटाटे पुन्हा गरम केले. तीनला एक ताट उचलून ठेवलं.

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेल. ते स्वाभाविक आहे, आणि समितीच्या मते पुरेसंही. आत्ता तुम्हाला ज्या कुणाची आठवण झाली, त्यांना एक बदाम पाठवून द्या. जायची गरज नाही.