विमलाबाईंचं दुखणं

सकाळपासून स्नेहल दोनदा धनराजच्या मेडिकलमध्ये गेली आणि दोन्ही वेळा खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आली. तिला खोकला नव्हता, लघवीला आग होत होती. पण धनराज शाळेत तिच्या वर्गात होता आणि काउंटरवर अर्धी पंचवटी उभी होती.

"चल, मी सांगते," तिची आई विमलाबाई चप्पल घालत म्हणाल्या.

"माझं नाव नको घेऊस."

"नाही घेत. मलाच होतंय म्हणते. या वयात मला कसली लाज?"

दुकानात त्यांनी भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात सांगितलं, "धनराज, लघवीला आग होतेय रे." मागे शेजारच्या सगुणाबाई उभ्या होत्या. त्या एक पाऊल पुढे सरकल्या.

धनराजनं आवाज खाली आणला. "ताप आहे का, काकू?"

विमलाबाईंनी वळून लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान हलवली.

"नाही."

"पाठीत दुखतं? लघवीतून रक्त?"

पुन्हा वळणं, पुन्हा मान.

"नाही."

"दिवस गेलेत का, हे मी सगळ्यांनाच विचारतो, पण तुम्हाला काय..."

विमलाबाई एव्हाना सवयीनं वळल्या होत्या. "नाही म्हणते."

धनराज क्षणभर कापसाची पाकिटं नीट लावत राहिला. "अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देणार नाही. आधी लघवी तपासा, आजच डॉक्टरांना दाखवा. पाणी भरपूर प्या, लघवी दाबून ठेवू नका. थंडी-ताप आला तर उशीर नको." त्यानं तपासणीच्या दोन डब्या पुढे केल्या. "एक तुमची, काकू. एक जास्तीची."

जास्तीचीच कामाला आली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी स्नेहलला औषध लिहून दिलं. पण तोवर सगुणाबाई गल्लीत पोचल्या होत्या.

आधी बार्लीचं पाणी आलं, मग धण्याचं, मग दोन शहाळी. आणणारी प्रत्येक जण पेला रिकामा होईपर्यंत दारातून हलेना. विमलाबाई निमूटपणे पीत होत्या आणि दर थोड्या वेळानं बाथरूमकडे पळत होत्या.

"किती वेळा जातेय बिचारी," सगुणाबाई हळहळल्या. "लय जुनं दिसतंय दुखणं."

खरी पेशंट बाथरूमच्या बंद दारासमोर एका पायावर उभी होती.

"आई, लवकर."

"अगं, अजून एक शहाळं बाकी आहे," आतून उत्तर आलं, आणि मायलेकी दाराच्या दोन बाजूंना हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमलाबाई झोपेतच गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

स्नेहलनं काय करायचं ते सगळं केलं, न रडता. बायका भेटायला येत होत्या. सगुणाबाई रोज असायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला कारण सांगायच्या. "हृदय कसलं हो. लघवीच्या दुखण्यानं नेलं. अंगावर काढलं तिनं."

"सगुणाकाकू, तसं नव्हतं," स्नेहल म्हणायची. कुणी ऐकत नव्हतं. दिवसागणिक दुखणं जुनं होत गेलं. दहा वर्षांचं झालं, मग किडनीपर्यंत पोचलं. आयुष्यात कधी काही न लपवलेली बाई गल्लीच्या लेखी दुखणं लपवून मेली होती.

एका दुपारी धनराज भेटायला आला. खोली भरलेली होती. सगुणाबाई त्याच्याकडे वळल्या. "तूच सांग रे. तुझ्या दुकानात बोलली ना ती? जळजळ होती ना तिला?"

धनराजनं चहाच्या कपात पाहिलं. तो काहीही बोलणार नव्हता, हे स्नेहलला कळलं.

"आईला काही झालं नव्हतं," ती मोठ्यानं म्हणाली. "लघवीला जळजळ मला होत होती."

कोपऱ्यातली एक सून हळूच म्हणाली, "मला पण होते अधूनमधून." तिची सासू तिच्याकडे बघतच राहिली.

सगुणाबाई मात्र हिशेब सोडायला तयार नव्हत्या. "मग तिनं ते पेलेच्या पेले कशाला प्यायले गं?"

"तुम्ही दारात उभ्या होतात म्हणून," स्नेहल म्हणाली. तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबर इतके दिवस अडलेलं पाणीही डोळ्यांतून आलं. "आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता म्हणून."