कुणाची वाटी?

देगलूरकर काका केळवणाला जावोत की बारशाला, सदऱ्याच्या खिशात त्यांचा स्वतःचा वजनकाटा असतो. कोठीच्या बाजारातून आणलेला, तळहाताएवढा, सेलवर चालणारा. आमच्याकडची पुरणपोळीसुद्धा त्यांनी खाण्याआधी तोलली होती. "एकशे दहा ग्राम," म्हणाले. "मागच्या वेळी एकशे तीस होती." मी मूळची पुण्याची, टोमणा लगेच कळतो.

काका अंबरपेठेत आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. दुकानदारांची वजनमापं तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तेव्हा दुकानदार सुटले आणि आम्ही सापडलो. एकदा लेकीच्या वाढदिवसाला मी केक करत होते. "दोन वाट्या मैदा" एवढं तोंडातून निघायचा अवकाश, काका दारातूनच म्हणाले, "कुणाची वाटी?"

"माझीच की!"

"हौ, पण भरणार कोण? अंदाज नक्को, बाई."

मग एकाच वाटीनं मी आणि माझ्या नवऱ्यानं मैदा मोजला. माझा भरला एकशे वीस ग्राम, त्याचा एकशे अडतीस. त्यानं दाबून भरला होता. प्रवासाची बॅगही तो तशीच भरतो.

काकांचं निमूट ऐकणारं माणूस एकच, सुमनकाकू. त्यांच्या वहीत सगळं ग्रामात लिहिलेलं. काट्यावर तोलून केलेली त्यांची नानकटाई दर दिवाळीत घरोघरी यायची. या वर्षी मात्र दसरा उलटला तरी खालून तुपाचा वास येईना. आले ते काकाच, वर, आमच्या दारात.

"घरात जेवढ्या वाट्या आहेत, तेवढ्या द्या बघू."

वाट्या घेऊन मीही खाली गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात फरशीभर मैदा सांडला होता. अफझलगंजातून आणलेल्या नव्या वाट्या ओळीनं मांडल्या होत्या. काका एकेकीत मैदा चाळून भरत, तोलत आणि लिहून ठेवत होते. इतक्या वर्षांनी माझी पाळी आली होती. मी म्हटलं, "काका, कुणाची वाटी?"

ते हसले नाहीत. आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाले, "तिला काट्यावरचे आकडे दिसत नाहीत आता. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात डॉक्टर. म्हटलं, मी तोलून देतो. तर म्हणते, तुम्ही मोजलेली नानकटाई माझी कशी? परातच उचलून वर ठेवली बगा तिनं." मग वाटीतला मैदा सुरीनं सपाट करत म्हणाले, "लग्न होऊन आली तेव्हा वाटीनंच करायची. मीच मोडली तिची सवय."

मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

आठवडाभर हा उद्योग चालला. शेवटी मैदा, पिठीसाखर आणि तूप अशा तिन्हींसाठी तीन वाट्या ठरल्या. सव्वाशे ग्राम जिथवर येतात, तिथे काकांनी आतून कानशीनं खाच पाडली. बोट फिरवलं की लागावी अशी.

दिवाळीच्या चार दिवस आधी काकूंनी परात खाली काढायला सांगितली. मी मदतीला गेले होते, पण मदत कुणालाच नको होती. काकूंनी वाटीत मैदा भरला, बोटानं खाच चाचपली, वरचा मैदा डब्यात सारला. तरीही तो खाचेच्या चांगला वर होता. मला दिसत होतं, म्हणजे काकांना दिसत असणारच. त्यांचा हात खिशाकडे गेला.

"बरोबर आहे का हो?" काकूंनी विचारलं.

"एकदम बरोबर."

काकू थबकल्या. "आज काटा नाही काढला?"

"सेल संपलेत," काका म्हणाले.

त्याच काट्यावर सकाळीच त्यांनी माझी कोथिंबिरीची जुडी तोलली होती. मी तुपाची वाटी काकूंच्या हाताशी सरकवली.