बोटभर जागा

बबनमामांकडून पक्कड उसनी आणली की जिवाला स्वस्थता नसते. पक्कड आपल्या हातात असते, पण तिकडे त्यांच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने काढलेली पकडीच्या आकाराची रेघ रिकामी असते आणि मामा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले असतात. रागावत मात्र नाहीत. आपण दारात दिसलो की एवढंच म्हणतात, "आली का? सोडा तिला घरी."

यवतला त्यांची-आमची भिंतीला भिंत. मामांची सगळी नोकरी कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत, टूलरूममध्ये गेली. तिथे बोर्डावर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ मारलेली. काम झालं की पाना आपल्या रेघेत परत. रिटायर होताना कंपनीने त्यांना घड्याळ दिलं, आणि ही सवय मामांनी आपणहून उचलून आणली. आधी हातोडी आणि पाने भिंतीवर गेले. मग मामा स्वयंपाकघरात शिरले. उलथणं, झारा, सांडशी, किसणी, सगळ्यांना निळी घरं मिळाली. शांतामामी तेव्हा होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, म्या जरा येळ हितं उभी ऱ्हायले तर माझ्याभवती बी रेघ वढत्याल हे."

मामा ब्रश धूत म्हणाले, "तुला कशाला? तूच तर घर."

मामी लाजल्या आणि तव्यावरची भाकरी करपली.

कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मामा अजून 'राहूचं' म्हणून सांगतात. राहू गावात त्यांचा आज एक पत्राही उभा नाही. "मग यवतचं हे काय?" म्हटलं, तर म्हणतात, "हे ऱ्हायाचं घर. ते सांगायचं."

रेघ मारण्याचंही त्यांचं शास्त्र आहे. मी एकदा हौसेने माझ्या किल्लीभोवती पेन्सिल फिरवली, तर मामांनी जागच्या जागी परीक्षा घेऊन नापास केलं. "लई चिकटून काढली, मास्तर. बोटभर जागा सोडायची. घर अंगाबरोबर झालं की वस्तू घुसमटती."

मामी गेल्या. त्यांचा चष्मा त्यांच्याबरोबरच दिला. देवघराशेजारी त्याची रेघ तेवढी राहिली, दोन गोल आणि दोन काड्या. येता-जाता ती डोळ्यांत खुपायची. एकदा न राहवून मी म्हटलं, "मामा, इथं दुसरं काहीतरी लावा. रिकामं बरं दिसत नाही."

"रिकामं कुठं हाय? घर हाय ना," मामा म्हणाले. "ज्याला घर हाय ते हरवत न्हाई, मास्तर. कामाला गेलंय म्हणायचं."



त्यांचा संदीप वाघोलीला फ्लॅट घेऊन राहतो. पोरगा भला, पण या निळ्या रेघांची त्याला भारी लाज. मित्र यायचे असले की भिंतीवर चादर टांगायचा. मामी गेल्यावर त्याने वडिलांच्या मागे लकडा लावला, आणि दिवाळीनंतर मामा एक पिशवी घेऊन गेले. महिना व्हायच्या आत तीच पिशवी घेऊन यष्टीतून उतरले.

"काय झालं, मामा? सूनबाई काही बोलल्या का?"

"छ्या! लई गुणाची पोर. रोज इचारायची, आण्णा काय करू म्हणून."

"मग?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिथं गाडीला घर हाय, खाली नंबर टाकल्यालं. चपला-बुटांना कपाट हाय. टीव्हीला तर भितभर घर. माझी पिशवी आपली सोफ्याच्या कडंला. फरशी पुसाया बाई आली की पिशवी गॅलरीत. गॅलरीत कापडं वाळत घालायची म्हणलं की पुन्यांदा सोफ्याकडं. तिला घर न्हवतं बगा."

मला हसू फुटलं. पिशवीपायी कुणी मुलाकडून परत येतं का! घरी जाऊन बायकोला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. "पिशवीचं नुसतं नाव सांगितलं हो त्यांनी," म्हणाली.

मग मलाही हसू येईना. मी संदीपला फोन लावला आणि पिशवीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "रविवारी येतो."

आला तो बगलेत बटर पेपरचं भेंडोळं घेऊन. मी तिथेच होतो. वडिलांच्या पाया पडला, भिंतीवरची त्यांची काठी काढली, फरशीवर कागद पसरून त्यावर ठेवली आणि खिशातून पेन्सिल काढली. काठी झाली, टोपी झाली, तांब्या झाला. मग कोपऱ्यातली पिशवी ओढली.

"काय लावलंय रं ह्ये?" मामांनी विचारलं.

"वाघोलीच्या हॉलमधली भिंत मोकळी केलीय, आण्णा," मान वर न करता संदीप म्हणाला. "पेंट कुठला आणायचा तेवढं सांगा."

मामा उठले. फळीवरचा निळ्या पेंटचा डबा काढून त्यांनी मुलाजवळ ठेवला आणि कागदावर वाकून बघितलं. "एवढं चिकटून न्हाई. बोटभर सोड."

संदीपने पिशवीची रेघ खोडली आणि पुन्हा काढली, या खेपेला सैल. मला वाटलं, झालं. पण तो कागदाचा उरलेला तुकडा घेऊन देवघराकडे गेला. चष्म्याच्या रेघेवर त्याने कागद धरला. खालची निळी रेघ कागदातून दिसत होती. तिच्यावरून तो हळूहळू पेन्सिल फिरवू लागला.

कागद एकसारखा घसरत होता. मामा जवळ गेले आणि त्यांनी कागदाची वरची कडा दोन्ही हातांनी भिंतीशी दाबून धरली.