रंगीत घ्यावा की काळा-पांढरा?

चिखलीतल्या आमच्या गल्लीत फ्रिज सगळ्यांकडे आहे, पण त्यात दह्याच्या पातेल्याशेजारी कॅमेरा ठेवणारे एकटे गजूकाका.

यामागे शास्त्र होतं. काका गच्चीवरून, दुर्बिणीला कॅमेरा लावून, तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढतात. त्यासाठी कॅमेरा एका वेळी कित्येक मिनिटं उघडा ठेवावा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तापला की फोटोभर खोटे ठिपके उमटतात. काका त्याला 'मोहरी सांडली' म्हणतात. म्हणून दिवसभर कॅमेरा फ्रिजात.

"उद्या मलेही ठेवसान कोथिंबिरीजवळ," कमलकाकू म्हणाल्या.

"तू तापली तं ठेवीन ना!"

जूनमधल्या एका दमट संध्याकाळी काकांनी गारेगार कॅमेरा गच्चीवर नेला. त्याला आतून-बाहेरून घाम फुटला आणि तो गेला. दोन दिवस काका सुतक असल्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर.

"मास्तर, नवा घ्याचा! पोटात स्वतःचा फ्रिज असलेला कॅमेरा येते म्हणे. मामला खोल हाये!"

'मामला खोल हाये' हे त्यांचं पालुपद. दीर्घिका असो की साडीचा फॉल, मामला खोलच असतो. आणि मी मास्तर, कारण शाळेत विज्ञान शिकवतो. अमडापूरला भाजीपाला पिकवणाऱ्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजची तीन वर्षं मी काकांच्या 'मॅचिंग सेंटर'च्या पोटमाळ्यावर राहून काढली. भाड्याचा विषय त्यांनी कधी निघू दिला नाही. नोकरीच्या मुलाखतीसाठी शर्टाचं कापडही त्यांनीच, नुकत्याच आलेल्या ठाणातून फाडून दिलं.

"बदामी हाये. साहेब लोकं खूश होतीन."

कापड पोपटी होतं. काकू त्या दिवशी माहेरी, वरवट बकालला गेल्या होत्या. देणाऱ्याच्या मायेला नाव ठेवायचं नाही, असं घरचं शिकवणं. मी पोपटी शर्ट घालून मुलाखत दिली आणि नोकरी लागली.

तर कॅमेरा. इंग्रजी माहिती वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. थंड राहणारे कॅमेरे दोन जातींचे निघाले. एक रंगीत: फोटो काढा, रंग तयार. दुसरा काळा-पांढरा: त्यात बारकावे जास्त, पण लाल, हिरवी, निळी काच आलटून पालटून पुढे धरून एकाच तेजोमेघाचे वेगवेगळे फोटो काढायचे आणि नंतर संगणकावर रंग जुळवत बसायचं.

"समजलं," काका म्हणाले. "एक रेडीमेड, अन् दुसऱ्यात कापड, अस्तर, फॉल वेगळं आणून शिवाचं."

यापेक्षा सोपं मी वर्गातही सांगू शकलो नसतो.

त्यानंतर दुकानात दुसरा विषय नाही. एक बाई साडीची पिशवी घेऊन आल्या.

"ताई, तुम्हीच सांगा, रंगीत घेऊ का काळा-पांढरा?"

"मले मरून पायजे."

"मरून चौथ्या खणात, सात नंबर. कॅमेऱ्याचं बोला!"

खणाखणावर काकूंच्या अक्षरातले आकडे चिकटवलेले. काका रंग कधी शोधत नसत, आकडा शोधत. मला ही त्यांची शिस्त वाटायची.

शेजारच्या चहावाल्यानं टोमणा मारला, "काका, आमच्या बापानं काळा-पांढरा टीव्ही फेकला, तुम्ही वापस आणून राह्यले काऊन?"

काकांना मात्र चेष्टा सुचत नव्हती. "मास्तर, हा माह्या जिंदगीतला शेवटचा कॅमेरा. हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ वर येईन, त्याच्या आत ठरवा लागते. चुकलो तं दुसरा घेनं होत नाही."

मी वहीभर मुद्दे काढून ठणकावून सांगितलं, "काका, रंगीतच घ्या. या वयात जुळवाजुळवीचा कुटाणा कशाला? सगळं तोच करतो."

"सगळं तोच करते?"

"सगळं!"

"मंग आपल्याले काहीच काम उरत नाही?"

"काहीच नाही!" मी विजयी स्वरात म्हणालो.

काकांनी माझी वही मिटली. "मामला खोल हाये," एवढंच पुटपुटले आणि पुढच्या आठवड्यात काळा-पांढरा मागवून मोकळे झाले! मला थोडं लागलंच. पण खोका आला तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याला हळद-कुंकू वाहून गल्लीभर पेढे वाटले, त्यातले मीही दोन खाल्ले.

डिसेंबरातल्या एका दुपारी दुकानात डोकावलो. गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्याजवळ संगणक उघडा आणि त्यासमोर, माऊस धरलेल्या काकांशेजारी, काकू! रेडीमेड ब्लाऊज आल्यापासून मॅचिंगला येणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या. रस्त्यावरून जाणारी साडी पाहून अचूक ठाण ओढणाऱ्या काकूंनी दुकानात येणंच सोडलं होतं. घरी भिंतीकडे पाहत बसायच्या.

"लाल पुरे का, कमल?"

"अजून चढवा. अजून... अहो, थांबा! गाजर झालं त्याचं. उतरवा थोडं. हां, आता डाळिंब."

पडद्यावर मृगातला तेजोमेघ उमलत होता. इतका सुंदर की मी चप्पल काढायचं विसरलो. काकूंनी मला पाहिलं. "या मास्तर. एकादशीपासून मांडी घालून बसले हे. जराशी लाल छटा ओळखता येत नाही यायले."

चहा सांगायला काका बाहेर आले, मीही आलो.

"मले लाल-हिरवं सारखंच दिसते, मास्तर," ते हळूच म्हणाले. "लहानपणापासून. तिलेच माहीत हाये. चाळीस वर्षं दुकान तिच्या डोळ्यानं चाललं."

"मग तर रंगीतच घ्यायचा होता ना, काका! सगळं त्यानंच केलं असतं."

"तेच तं. सगळं त्यानं केलं असतं तं ही कायले इथं येऊन बसली असती?"

चहा आला. काका कप घेऊन आत निघाले आणि उंबऱ्यावर थबकले.

"मास्तर, खरं सांग. तुह्या मुलाखतीचं ते कापड बदामीच होतं ना?"

संगणकासमोरच्या काकूंनी चमकून वर पाहिलं. पोपटी शर्टातला मुलाखतीचा माझा फोटो त्यांनी पाहिलेला होता.

"बदामीच होतं, काका," मी म्हणालो.

काकूंनी मान खाली घातली, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "या इकडं. हिरवा बाकी हाये अजून."