तिसऱ्या पानामागचा कान

आमच्या गॅलरीत टांगलेल्या झाडाला स्वतःचं नाव सांगता आलं नाही, म्हणून झाडगणनेच्या बाईंनी त्याला आठ दिवसांची मुदत दिली.

बाकी बिल्डिंगमधलं काम सुरळीत पार पडलं होतं. तळमजल्यावरच्या तुळशीने एका दमात नाव सांगितलं. कोरफडीने तर न विचारता वयही सांगितलं. गणनेच्या गव्हाणेबाई मूळच्या प्राथमिक शाळेतल्या. मोजायचं काही निघालं की सरकार आधी शिक्षकांनाच धरतं. त्यांनी मान वर करून आमच्या झाडाला विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

"मला कुणी सांगितलंच नाही," झाड म्हणालं.

हे खरं होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही ते आठवडी बाजारातून आणलं, तेव्हा विकणाऱ्याला नाव विचारायचं राहून गेलं. माझी बायको मंदा त्याला 'अगं' म्हणायची आणि मी 'अरे'. दोन्हीला ते ओ द्यायचं, त्यामुळे काही अडलं नव्हतं.

मुदतीत नाव मिळालं नाही, तर झाड हुकावरून उतरवून नगरपालिकेच्या मागच्या आवारात जमिनीवर ठेवायचं, असा नियम आहे. आमचं झाड आमच्याकडे आल्यापासून जमिनीला टेकलेलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं टपाल वाटलं आहे. नाव नसलेल्याचे काय हाल होतात, ते मला कुणी सांगायला नको. मंदाने तर त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

आम्ही धावपळ सुरू केली. नर्सरीवाल्या नाईकवडींनी दोन पानं चोळून वास घेतला आणि सांगितलं, "शोचं झाड आहे." बाईंच्या यादीत असं नाव नव्हतं. कॉलेजातले प्राध्यापक भिंग घेऊन आले, तासभर बघत राहिले आणि म्हणाले, "अजून एक पान येऊ द्या, मग बोलू." शेजारच्या तन्वीने मोबाईलवर फोटो काढून बघितला. मोबाईलने नव्वद टक्के खात्रीने तो पडदा असल्याचं सांगितलं. झाडाला ते फार लागलं.

सातव्या दिवशी गव्हाणेबाई शाळा सुटल्यावर आल्या. त्यांनाही चैन पडत नव्हतं. त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि चहा निवला तरी मान वर केली नाही.

"सापडलं!" त्या ओरडल्या. "आत्याने कानात सांगितलेलं नाव ग्राह्य धरावं. मुळीक, तुम्हाला बहीण असेलच की!"

"चार भाऊ आहेत," मी म्हणालो.

बाईंनी फायलीची लाल नाडी सोडली आणि माझ्या मनगटाला बांधून नीट गाठ मारली.

"आता आहे," त्या म्हणाल्या. "उद्या बारसं."

दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग आमच्या गॅलरीत लोटली. झाड आधीच टांगलेलं असल्यामुळे पाळण्याची वेगळी सोय करावी लागली नाही. मंदाने घुगऱ्या शिजवल्या. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण या घरात हे पहिलंच बारसं. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला तेव्हा मंदाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

बाई स्टुलावर चढल्या. "कान कुठेय रे?"

"तिसऱ्या पानामागे."

"डावा की उजवा?"

"एकच आहे."

बाईंनी तिथे तोंड नेलं आणि 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं. त्याबरोबर बायकांनी त्यांच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. आत्याला ते चुकत नाहीत. बाईंनी स्टुलावरून उतरून अहवालात लिहिलं: विधी पूर्ण, बुक्के अकरा.

संध्याकाळी पडताळणीला नगरपालिकेचे साहेब आले. माणूस कडक. आजवर त्यांनी सात झाडं उतरवली होती. त्यांनी आम्हाला बोलूच दिलं नाही. थेट झाडासमोर उभे राहिले.

"पूर्ण नाव सांगा."

बाईंनी कानात फक्त 'वत्सला' एवढंच सांगितलं होतं. बापाचं नाव आणि आडनाव यांचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मी घसा खाकरला, तोच वरून खणखणीत आवाज आला.

"वत्सला सदाशिव मुळीक."

साहेबांनी तिन्ही शब्द सावकाश लिहून घेतले. मग मागे वळून पाहिलं.

"सदाशिव कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मग इथे सही करा. वडील म्हणून."

मी सही केली. इतकी सुंदर सही मला त्याआधी कधी जमली नव्हती.